चांद्याच्या परकोटांत दोन रात्री

चांद्यास जावयाचें तर उतरावयाचें परकोटाच्या आंतच, ही आमच्या आत्याची एकच अट होती. आत्याचें वय आज एक्याऐंशी. तिचा जन्म चांद्याचा. एकोणिसाव्या वर्षीं लग्न होऊन ती पुण्यास आली, आणि पुढें दोनतीन वर्षांतच आजोबांनीं घर विकून नागपूर गांठल्यामुळें त्या गांवीं तिचें माहेर असें कांहीं उरलें नाहीं. गांवाचें सरकारी नांव आतां चंद्रपूर आहे व त्यासहि साठ वर्षें झालीं; परंतु आत्याच्या तोंडीं चांदा तो चांदाच. चैत्रांत महाकालीच्या यात्रेच्या दिवसांत आपल्याला एकदां तेथें न्यावें, असें ती संक्रांतीपासून म्हणत होती. आम्हीं उन्हाची भीति घालून पाहिली. ती म्हणाली, "ऊन मला सांगूं नका. मी त्या उन्हांतच वाढलें आहें." यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. सौ.नें आवळासरबताची बाटली, कांदे आणि सुती पंचे बांधून घेतले आणि आम्ही तिघें निघालों.

आंत उतरण्याची अट वाटते तितकी सोपी नव्हती. चंद्रपुरांतलीं चांगलीं हॉटेलें बहुतेक परकोटाबाहेर, नागपूरच्या रस्त्याच्या अंगाला आहेत. वाघ पाहण्यास येणारी मंडळी तर शहरांत पाऊलहि न घालतां थेट मोहर्लीकडे जाते. परकोटाच्या आंत आहेत तीं लहान लहान लॉजें. कोर्टाच्या तारखेस आलेले पक्षकार, औषधांचे फिरते विक्रेते, कोळशाच्या धंद्यांतले कारकून आणि चैत्रांत यात्रेकरू, असा त्यांचा उतारू. नागपूरच्या एका वकील स्नेह्यांनीं त्यांपैकीं एकाचा पत्ता दिला आणि देतांना म्हटलें, "तुम्ही एक रात्रहि काढणार नाहीं." आम्हीं दोन काढल्या.

नागपूरहून चंद्रपूर सुमारें दीडशें किलोमीटर. वाटेंत वरोरा लागतें, तेथें बाबा आमट्यांचें आनंदवन. पुढें भद्रावती, तेथील जैन मंदिर आणि त्याची प्रशस्त धर्मशाळा. तेथें उतरण्याचा मोह आम्हांस झाला होता हें कबूल करतों. धर्मशाळेच्या आवारांत सावली चांगली होती. आत्यानें गाडींतून हात जोडले आणि "चला" म्हटलें. भद्रावती सुटल्यावर आकाशाचा रंग बदलूं लागला. कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर, कोळसा वाहणाऱ्या मालगाड्या, आणि दूरवर विजेच्या कारखान्याचीं धुराडीं. हा कारखाना २९२० मेगावॉटचा, महाराष्ट्रांतल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकीं एक. त्याची वीज पुण्यामुंबईच्या घरांत जळते आणि राख येथें उरते, हा विचार आमच्या डोक्यांत आला खरा. पण तो फार वेळ टिकला नाहीं, कारण तेवढ्यांत समोर जटपुरा दरवाजा आला.

दरवाज्याच्या तोंडाशीं रिक्षा, हातगाड्या, दुचाक्या आणि यात्रेच्या मोटारी यांची अशी कोंडी झाली होती कीं आम्हांस तो नीट पाहण्यास चांगला पाव तास मिळाला. काळसर दगडाची उंच कमान, आणि दगडांत कोरलेलें गोंड राजांचें चिन्ह: हत्तीवर झेपावलेला सिंह. हत्ती अगदीं लहान आणि सिंह अवाढव्य. लहानपणीं आपल्याला त्या हत्तीची फार दया येत असे, असें आत्या म्हणाली. शहरास असे चार दरवाजे: उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर आणि पश्चिमेस बिनबा. शिवाय पांच खिडक्या, म्हणजे लहान दारें: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. शेवटच्या दोन नांवांचा अर्थ विचारण्याचें कारणच नाहीं. विठोबा खिडकीच्या बाजूस आत्याचें घर होतें.

लॉज दरवाज्यापासून जवळच, एका बोळाच्या तोंडाशीं. खालीं चहाचें दुकान, बाजूस जिना, जिन्याखालीं टेबल, टेबलामागें तिशीचा एक मनुष्य; गळ्यांत दुपट्टा, समोर उघडलेली मोठी वही. आमचीं आधारपत्रें पाहून त्यानें नांवें उतरून घेतलीं. मग तो आत्याकडे वळला.

"आजी, कोणत्या कामानं आल्या जी? इथं लिहा लागते."

वर ओळीनें दहाबारा नांवांपुढें 'दर्शन' असें लिहिलेलें आम्हांस दिसत होतें. आत्या म्हणाली, "माहेर, असें लिही."

त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हलविली. मग त्यानें त्या रकान्यांत खरोखरच 'माहेर' असें लिहिलें, आणि खोली खालच्या मजल्यावरची दिली. ती त्यानें दुसऱ्या कोणासाठीं राखली होती हें आम्हांस मागाहून कळलें.

खोली दहा फूट बाय बारा फूट. तीन लोखंडी खाटा, हिरवा रंग दिलेल्या भिंती, एका भिंतीस गेल्या सालचें एका कापडदुकानाचें कॅलेंडर. खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर कूलर. त्यांत बादलीनें पाणी आपणच भरावयाचें. वाळ्याच्या ताट्या जाऊन आतां लाकडाच्या भुशाच्या ताट्या आल्या आहेत, त्यांस तो वास नाहीं. पण पाणी टाकल्यावर पहिल्या पांच मिनिटांत जें वारें येतें त्याची किंमत विदर्भाबाहेरच्या माणसास कळावयाची नाहीं. खाटेवरची चादर धुतलेली होती आणि तरीहि तिजवरून हात फिरवितां तो किंचित् काळा झाला. सौ.नें तो व्यवस्थापकास दाखविला. तो न रागावतां म्हणाला, "काकू, सकाळीच वाळवून आणली. कोळशाचं गाव आहे जी." दुसऱ्या दिवशीं गच्चीच्या कठड्यावर बोटानें रेघ ओढून आम्हीं त्याचें म्हणणें पडताळून पाहिलें. तो खोटें बोलला नव्हता.

भाडें तिघांचें मिळून सातशें रुपये. त्यांत पिण्याचें पाणी नाहीं, ही गोष्ट आम्हीं तेव्हां मनावर घेतली नाहीं.

उन्हें उतरल्यावर आम्ही गच्चीवर गेलों. आत्या गुडघे धरून, एकेका पायरीवर थांबत वर आली. तेथून परकोट दिसतो. पंधरावीस फूट उंचीची दगडी भिंत, माथ्यावर चालण्यास रुंद वाट, मधूनमधून बुरूज, आणि ती घरांच्या छपरांमागून वळणें घेत दिसेनाशी होते. साऱ्या शहरास तिचा वेढा कित्येक मैलांचा आहे. भिंत सरळ कां नाहीं याची कथा चांद्याच्या प्रत्येक मुलास पाठ असते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गळवें होतीं. बल्लारपुराहून शिकारीस निघाला असतां झरपट नदीच्या कोरड्या पात्रांतल्या एका खळग्यांतलें पाणी त्यानें तोंडावर घेतलें, आणि त्याचें दुखणें गेलें. तेथें अंचलेश्वराचें स्थान प्रकट झालें. पुढें त्याच रानांत एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करतांना दिसला. ससा कुत्र्यामागें! राणी शहाणी होती. तिनें सांगितलें कीं ससा ज्या वाटेनें धांवला त्याच वाटेनें कोट बांधा. ससा वेडावांकडा धांवला, म्हणून भिंत वेडीवांकडी. हीच कथा थोड्या फरकानें विजयनगरासहि सांगतात आणि अहमदाबादेसहि. तेव्हां हिंदुस्थानांतील शहरें बहुधा सशांनींच वसविलीं असावींत. इतिहास एवढें सांगतो कीं पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास काम सुरू झालें व पुढच्या कित्येक राजांच्या हातून होत होत धुंड्या रामशहाच्या वेळीं तें पुरें झालें.

आत्याचें म्हणणें निराळें. भिंत शत्रूकरितां नव्हे, पाण्याकरितां आहे. एका अंगास इरई, दुसऱ्या अंगास झरपट, आणि शहराच्या दक्षिणेस दोघींचा संगम. खालीं वर्धा नदी फुगली कीं इरईचें पाणी मागें सरतें. "तें पठाणपुरा दरवाज्याशीं यायचें आणि आम्ही मुलें परकोटावर चढून बघायचों," ती म्हणाली. शत्रूपुढें भिंत फारशी टिकली नाहीं हें मात्र खरें. १७५१ सालीं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, आणि मे १८१८ मध्यें कर्नल आडम्सच्या तोफांनीं भिंतीस खिंडार पाडलें; किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. पाणी मात्र ती अजून अडवते, निदान पुष्कळसें अडवते.

जैसलमेरचा किल्लाहि असाच वसता आहे. तेथें घराघरांचीं उतारूंसाठीं हॉटेलें झालीं आणि त्यांच्या सांडपाण्यानें किल्ल्याचा पाया भिजून ढांसळूं लागला, ही तक्रार बरीच वर्षें चालू आहे. चांद्याच्या भिंतीस तें भय नाहीं, कारण तिजकडे कोणी पाहण्यासच येत नव्हता. तिला ग्रासलें तें झाडाझुडपांनीं आणि गांवच्या कचऱ्यानें. २०१७ सालीं येथील इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं बंडू धोतरे यांच्या पुढाकारानें ती स्वच्छ करण्यास आरंभ केला. रोज पहाटे उठावें, कोयते-फावडीं घ्यावींत, आणि बुरुजांवरची रानटी झाडी तोडावी, हें काम त्यांनीं एकदोन दिवस नव्हे, शेंकडों दिवस केलें. आज माथ्यावरून पुष्कळ अंतर चालत जातां येतें तें त्यांच्यामुळें. सरकारी पुरातत्त्व खात्याची पाटी आम्हांस दोन ठिकाणीं दिसली, आणि दोन्ही ठिकाणीं तिच्याखालींच कचरा होता.

रात्रीं दहाच्या सुमारास वीज गेली.

चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानें ऐकला आहे त्यास एवढें वाक्य पुरे. येथें पारा सत्तेचाळीसपर्यंत चढतो आणि रात्रींहि भिंती तव्यासारख्या राहतात. कूलर थांबतांच खोलींत बसणें अशक्य झालें. जिन्यावर पावलें वाजूं लागलीं. सारें लॉज गच्चीवर निघालें होतें. व्यवस्थापकानें स्वतः येऊन आत्याच्या काखेखालीं हात घातला आणि तिला वर नेलें. गच्चीवर आमच्या आधींच नांदेडकडून आलेला अकरा माणसांचा एक मेळा पथाऱ्या टाकून बसला होता. दोन खोल्यांत अकरा माणसें. बाया बहुतेक, दोन पुरुष, एक पोर. मराठवाड्यांतून आणि तेलंगणांतून हजारों माणसें चैत्रांत या देवीस येतात. बहुतेक देवळाजवळच्या मोकळ्या जागेंतच उतरतात. या मंडळींबरोबर एक आजारी म्हातारी असल्यामुळें त्यांनीं यंदा लॉज घेतलें होतें. त्यांच्यांतल्या एकीनें न सांगतांच आपली सतरंजी ओढून आत्यास जागा केली.

अंधारांत आत्या बोलूं लागली. तिच्या लहानपणीं यात्रेकरू बहुतेक चालत येत. त्यांचे जथे विठोबा खिडकीच्या बाजूच्या गल्लींतून जात, आणि आमची पणजी ओटीवर पाण्याचा रांजण भरून ठेवी. पाणी देण्याचें काम आत्याकडे. वय नऊदहा वर्षांचें. ओटी उंच होती. आत्यानें वर उभें राहावें, खालून यात्रेकरूनें ओंजळ पुढें करावी, आणि लांब नळीच्या झारीनें वरून धार सोडावी. झारी कोणाच्या हातीं द्यावयाची नाहीं, तिचा स्पर्श कोणाच्या ओंजळीस होऊं द्यावयाचा नाहीं, अशी सक्त ताकीद होती. चुकून एकदां झाला, तेव्हां झारी चुलींतल्या निखाऱ्यांवर धरून शुद्ध करून घेतली होती. "तें मोठें पुण्य समजत," आत्या म्हणाली. "मलाहि तसेंच वाटे."

आम्हीं विचारलें नाहीं तरी ती पुढें म्हणाली कीं १९५६ च्या ऑक्टोबरांत, नागपुरास दीक्षा झाल्यावर दोन दिवसांनीं, सोळा तारखेस डॉ. आंबेडकर चांद्यास आले आणि येथेंहि त्यांनीं लोकांस बुद्धधर्माची दीक्षा दिली. गांवांत मुंगीस शिरण्यास जागा नव्हती. घरच्या खिडक्या त्या दिवशीं लावून घेतल्या होत्या, आणि आत्यानें फटींतून पांढरीं लुगडीं आणि पांढरे सदरे जातांना पाहिले. किती वेळ? "संध्याकाळपर्यंत."

मध्यरात्रीनंतर तिच्या जिभेस कोरड पडली. आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, टाकीच्या तोटीस पाणी नव्हतें, खालचें दुकान बंद. आत्याचे हात थंड पडले आणि ती दोनदां असंबद्ध बोलली. सौ. घाबरली, आम्हीहि घाबरलों, तें येथें लपवीत नाहीं. व्यवस्थापक दुचाकी घेऊन पाणी आणण्यास गेला. तेवढ्यांत मघांच्या त्या बाईनें आपल्या बोचक्याजवळचें मडकें उघडलें, तांब्या भरला, आणि आत्यापुढें धरून ती थांबली.

"माय, आमच्या हातचं चालंल का तुमास्नी?"

ती आत्याचें बोलणें ऐकत होती किंवा नाहीं, आम्हांस सांगतां येत नाहीं. अंधार होता, आणि आत्या हळू बोलत होती. आत्यानें तांब्या तिच्या हातून घेतला आणि तोंडास लावून सगळा रिकामा केला. आयुष्यांत कधीं भांड्यास ओंठ न लावणाऱ्या बाईनें. मग तिनें दुसरा मागितला. बाईनें पदर भिजवून तिच्या कपाळावर ठेवला. व्यवस्थापक पाणी व साखरमिठाची पुडी घेऊन आला तों आत्याची नजर ठिकाणावर आली होती.

बऱ्याच वेळानें तिनें विचारलें, "तुझी आई येत असे का ग यात्रेला?"

"येत व्हती. चालत. लई दिस लागायचे."

आत्या यापुढें कांहीं बोलली नाहीं. ती झोंपली कीं जागी होती हेंहि कळलें नाहीं. तिचा हात त्या बाईच्या सतरंजीवर होता.

पहाटे चार वाजतां मेळा देवीस निघाला आणि आत्या त्यांच्याबरोबर निघाली. आमचा विरोध तिनें ऐकूनहि घेतला नाहीं. देऊळ अंचलेश्वर दरवाज्याबाहेर, झरपटेच्या कांठीं. यात्रेकरू नदींत स्नान करून दर्शनास जाण्याची जुनी चाल आहे, पण नदीचें पाणी आतां स्नानाजोगें राहिलें नाहीं. लोक नळांखालीं उभे राहत होते. तरीहि पुष्कळ बाया पात्रांत उतरून तें काळें पाणी डोळ्यांस लावीत होत्या. हलग्या, पोतराजांचे आसूड, कडुलिंबाचे डहाळे, हळद, आणि नारळांचा ढीग. देवी दोन ठिकाणीं आहे, एक वर आणि एक भुयारांत. भुयाराची वाट अरुंद, वांकून जाण्याची. आम्हांस वाटलें आत्या वरच्याच दर्शनावर थांबेल. ती खालीं गेली. पुढें नांदेडची बाई आणि मागें नांदेडचीच दुसरी, मध्यें आत्या.

हें देऊळ राणी हिराईनें बांधलें. हिराईची गोष्ट महाराष्ट्रास जितकी ठाऊक असावी तितकी नाहीं. तिचा पति राजा बीरशहा दुसऱ्या लग्नास उभा राहिला असतां त्याच्याच विश्वासांतल्या हिरामण नांवाच्या रजपुतानें त्याचा खून केला. सवत आणण्यास निघालेल्या त्या नवऱ्याची समाधि राणीनें अंचलेश्वराच्या शेजारीं बांधली, आणि ती येथल्या सर्व गोंड राजांच्या समाधींत मोठी आहे. पोटीं पुत्र नव्हता. रामशहास दत्तक घेऊन तिनें अठराव्या शतकाच्या आरंभीं राज्य चालविलें. शहाजहानानें बायकोसाठीं काय बांधलें हें सगळें जग सांगतें. नवऱ्यासाठीं बायकोनें बांधलेली ही वास्तु पाहण्यास त्या सकाळीं आमच्याखेरीज एक शेळी आणि तिचीं दोन करडें होतीं. सौ. समाधीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "दुसरें लग्न करणाराचें एवढें देऊळ?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

परततांना जुन्या राजवाड्याच्या जागीं असलेला तुरुंग बाहेरून पाहिला. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांस २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं इंग्रजांनीं येथें फांशीं दिलें. सत्तावनच्या बंडाच्या गोष्टी आपण झांशी-कानपुराच्या वाचतों. अहेरीच्या रानांतला हा गोंड तरुण जमीनदार आमच्या शाळेच्या पुस्तकांत नव्हता.

घर शोधण्यास दोन तास लागले. विठोबा खिडकीच्या आसपास आत्या प्रत्येक वळणावर थांबे आणि "येथून तिसरें" म्हणे, परंतु तिसरें कोणापासून मोजावयाचें तें खूणगांठीचें झाडच गेलेलें. अखेर एका म्हाताऱ्या सोनारानें आजोबांचें आडनांव ओळखलें. वाड्याच्या जागीं चार मजली इमारत आहे. खालीं भांड्यांचें आणि मोबाईलचें दुकान. ओटी होती तेथें आतां पायरीहि नाहीं. दुकान रस्त्याच्या पातळीस आलें आहे, उलट रस्ताच बोटभर वर चढला आहे. मालकांनीं आम्हांस मागच्या बोळांत नेलें. तेथें विहीर होती. तोंडावर लोखंडी जाळी, तींतून गेलेली पंपाची नळी. आत्यानें जाळीवर हात टेकून आंत पाहिलें. पाणी फार खालीं होतें, पण होतें.

मालकांच्या सुनेनें पेले आणले. आत्या म्हणाली, "हें विहिरीचें का ग?"

"नाही जी आजी, नळाचं. विहिरीचं आता भांड्यालाच वापरतो."

आत्यानें पेला घेतला, पाणी प्याली, आणि "तुझें घर चांगलें आहे हो" असें त्या मुलीस सांगितलें. 'तुझें' हा शब्द तिनें मुद्दाम वापरला असें आम्हांस वाटतें. बाहेर आल्यावर ती सरळ चालूं लागली, मागें वळली नाहीं, आणि भांड्यांच्या दुकानापाशीं मात्र थांबून तिनें एक तांब्या विकत घेतला. पितळी, बिनझाकणाचा. तो नांदेडच्या बाईस द्यावयाचा होता. आम्ही लॉजवर पोहोंचलों तों मेळा दुपारच्या गाडीनें निघून गेला होता. नांव आम्हीं विचारलें नव्हतें. वहींत अकरांपैकीं दोन पुरुषांचींच नांवें होतीं. बायांचीं नुसती संख्या.

दुसरी रात्र वीज गेली नाहीं. सर्वांस झोंप लागली. त्याविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

तिसऱ्या दिवशीं भाड्याची मोटार करून आम्ही मूलच्या वाटेनें मार्कंड्यास गेलों. चंद्रपूर सोडलें कीं लगेच रान लागतें. सागाचीं पानें झडून गेलेलीं, पळस संपलेला, आणि मोहांच्या झाडांखालीं जमीन झाडून साफ केलेली, कांहीं ठिकाणीं जाळलेली, म्हणजे पडलेलीं फुलें वेंचण्यास सोपीं जातात. पहाटेच बाया टोपल्या घेऊन येतात. वांकून फुलें वेंचणाऱ्या माणसावर वाघ झडप घालतो, आणि या जिल्ह्यांत अशा बातम्या दर उन्हाळ्यांत येतात. चालक म्हणाला, "घरी बसून पोट भरते का जी?" मोटार थांबवून त्यानें चार फुलें आत्याच्या हातावर ठेवलीं. वास गोड, जड. तिनें एक खाल्लें.

वैनगंगा ओलांडली कीं गडचिरोली जिल्हा. १९८२ सालीं तो चंद्रपूरपासून वेगळा झाला; त्यापूर्वीं सिरोंच्याच्या माणसास कलेक्टराकडे काम पडलें तर सबंध रान तुडवून चांद्यास यावें लागे. त्याच्याच सागाचीं लांकडें अलीकडे अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं गेलीं, असें मोठ्या अभिमानानें चालकानें सांगितलें. मार्कंड्यास नदी वळून उत्तरेस वाहते, म्हणून तें तीर्थ. देवळांचा समूह सुंदर आहे. दगडी भिंतींवर बोटभर जागाहि कोऱ्याविना सोडलेली नाहीं. मुख्य शिखरावर मागें केव्हां तरी वीज पडली होती. दुरुस्तीचे क्रमांक घातलेले दगड आवारांत मांडून ठेविले होते. महाशिवरात्रीस येथें मोठी जत्रा भरते. चैत्रांतल्या दुपारीं पुजारी, दोन कुत्रीं आणि आम्ही. आत्या नदींत गुडघाभर पाण्यांत उभी राहिली. तो नवा तांब्या तिनें तेथें प्रथम भरला.

वाचकांपैकीं कोणास जावयाचें असल्यास चैत्र टाळावा. मार्गशीर्षापासून माघापर्यंत हवा उत्तम असते, आणि परकोटाच्या माथ्यावरून चालण्यास सकाळचा वेळ निवडावा. आंत उतरावयाचें असेल तर कूलर सुरू करून पाहूनच पैसे द्यावेत आणि पिण्याचें पाणी रात्रीं आठापूर्वीं भरून ठेवावें. भाड्याच्या घासाघिशींत पडूं नये. आमच्या लॉजच्या व्यवस्थापकानें निघतांना रात्रींच्या पाण्याचे व औषधाचे पैसे घेतले नाहींत. आम्हीं आग्रह केला तेव्हां त्यानें वही उलटून आत्याची ओळ दाखविली आणि म्हणाला, "माहेराले आलेल्या मानसापासून कसे घेऊ जी?" चारोळीची एक पुडी मात्र त्यानें तिच्या पिशवींत टाकली. ती अजून आमच्या घरीं आहे. आत्या ती फोडूं देत नाहीं.